गाडी खाली घ्यायच्या आधी गावचा ब्रेकर मोजा

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी मी आणि माझा भाचा, वणीकडून आमच्या गावाकडं येताना मधात जे एक गाव लागते तिथला ब्रेकर टेपनं मोजून राहिलो होतो. टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. पाच मिनिटांत पारावरचे तीन-चार म्हातारे उठून आले. "साहेब, रस्ता मंजूर झाला काय?" म्हटलं नाही बाप्पा, गाडीचे शॉकअप घ्यायचे आहेत म्हणून मोजून राहिलो. ते एकमेकांकडं पाहून गपचूप परत पारावर जाऊन बसले, यांना ऊन लागलं असंच वाटलं असणार.

पण सस्पेन्शन, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप, घेताना पहिलं माप ब्रेकरचं घ्यावं, ब्रँड नंतर. असं का ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

भाचा नागपूरला नोकरीला आहे. त्यानं सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली, जुनी १.२ लिटर टर्बोवाली, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कोणी म्हणेल ही कुठली स्पोर्ट्स कार, तर बाबा आमच्याकडं जी गाडी बुडाला खाली आणि पळायला पुढं ती स्पोर्ट्स कार, आणि तुमच्याकडं अबार्थ पुंटो असो, ऑक्टाव्हिया आरएस असो की कोणाची झेड४, खालचं गणित सगळ्यांना लागते, आकडे तेवढे बदलतात. पोरगा रोज ऑफिसला हीच गाडी नेते आणि शनिवारी बुटीबोरी, जाम, वरोरा करत वणी आणि मग गावाकडं येते. म्हणजे अर्धा रस्ता गुळगुळीत हायवे, मग कोळशाच्या ट्रकांनी दाबून दाबून नाल्या पाडलेला पट्टा, आणि शेवटी काळ्या मातीतला आपला गावरस्ता, जो दर पावसाळ्यानंतर नवीन आकार घेते.

तर हा येऊन म्हणते, "मामा, कॉइलओव्हर टाकून घेतो, चार बोटं खाली घेऊ गाडी."
"काऊन?"
"हँडलिंग सुधरते न."
"आणखी?"
"आणि दिसते पण भारी."
म्हटलं हे आधी सांगत जा. (कॉइलओव्हर म्हणजे उंची कमीजास्त करता येणारं स्प्रिंग-शॉकअपचं किट.)

हसू नका, मी पण हेच केलं होतं काही वर्षांआधी, आणि माझ्या त्या स्प्रिंगा आता काय कामात आहेत ते शेवटी सांगतो.

आता मुळापासून घेऊ. गाडीचं वजन उचलून धरते ती स्प्रिंग. शॉकअप वजन उचलत नाही, निदान सांगण्यासारखं तर नाहीच. आपल्या आजोबांच्या बंडीला ना स्प्रिंग होती ना शॉकअप, लाकडी चाकाला लोखंडी धाव आणि खाली कणा, बस. आजीला माहेरी जायचं असलं की बंडीत कुटाराची पोती टाकायचे आणि ती त्याच्यावर बसायची, ते तिचं सस्पेन्शन. कुटारात एक गुण असा की ते दबते पण परत उसळत नाही. स्प्रिंगमध्ये हा गुण नाही. ती जितकी दबली तितकी ताकद साठवून ठेवते आणि जशी मोकळी झाली तशी सगळी परत फेकते, मग पुन्हा दबते, पुन्हा फेकते, आणि नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका ब्रेकरनंतर अर्धा फर्लांग डोलत जाईल. हे डोलणं जो खाऊन टाकते तो शॉकअप.

तो कसा खातो? पाठीवरचा फवारणीचा पंप ज्यानं वावरात मारला त्याला हे वेगळं समजवायची गरज नाही. दांडा सावकाश दाबला तर हलका जाते, घाईत दाबला तर हाताला जड येते, कारण पाण्याला बारीक भोकातून जायचं असते आणि त्याला वेळ लागते. शॉकअपच्या नळीत पाण्याऐवजी तेल, आणि दांड्याला पिस्टन, त्या पिस्टनला भोकं, भोकांवर पातळ पोलादी चकत्या. तेल त्यातून घासून जाते, गरम होते, आणि रस्त्याचा धक्का शेवटी उष्णता होऊन हवेत जाते. खराब रस्त्यावर तासभर गाडी हाणून मग शॉकअपजवळ हात न्या, समजेल, पण सांभाळून.

यात एक गोष्ट लोक नेहमी उलटी समजतात. शॉकअपच्या गप्पांत लो-स्पीड आणि हाय-स्पीड असे शब्द येतात, तो स्पीड गाडीचा नसते, पिस्टनचा असते. वळणावर गाडी हळूच कलते, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाते, तेव्हा गाडी भले शंभरच्या वर असेल पण पिस्टन सावकाश सरकून राहिला असते, ते लो-स्पीड. आणि गावात वीसच्या स्पीडनं खड्ड्यात चाक आदळलं तर पिस्टन एकदम झटक्यानं जाते, ते हाय-स्पीड. चांगल्या शॉकअपची सगळी किंमत इथंच आहे. सावकाश हालचालीला तो घट्ट राहते, म्हणून गाडी वळणावर झुलत नाही, आणि झटका आला की चकत्या वाकून तेलाला मोठी वाट मोकळी करतात, म्हणून खड्डा कमरेपर्यंत येत नाही. स्वस्त कडक शॉकअपला हे दोन वेगळे करता येत नाही, तो सगळीकडंच कडक. लोकांना वाटते कडक म्हणजे कंट्रोल, पण बाबा, बंडी पण कडकच होती.

बरं, स्प्रिंगचे आकडे. मी क्विंटलमध्ये सांगतो, आपल्याला तेच पटकन समजते. समजा पुढच्या एका चाकावर गाडीचं ३३० किलो वजन आहे आणि स्प्रिंग २५ न्यूटन प्रति मिमीची आहे, म्हणजे एक मिमी दाबायला साधारण अडीच किलोचा जोर लागते. चाक ५० मिमी उंचवट्यावर चढलं तर गाडीला खालून जास्तीचा धक्का किती, १२५ किलो, म्हणजे सव्वा क्विंटल. आता तैवानी किंवा जपानी कॉइलओव्हरवर ६के असं लिहिलेलं असते, ते सहा किलो प्रति मिमी, म्हणजे जवळपास ६० न्यूटन. तोच उंचवटा, तीच गाडी, धक्का तीन क्विंटल. तीनशे किलोच्या धक्क्यानं ३३० किलोचा कोपरा हवेत उडायच्याच बेतात येते, आणि चाक उडालं की ग्रिप कुठली? म्हणून ट्रॅकवर जी गाडी चिकटून पळते तीच आमच्या गावरस्त्याच्या वळणावर टिप्प्या खात बाहेर जाते. आकडे वाचताना फक्त एक पाहा, एन आहे की के आहे, दहापटीचा फरक आहे. आणि ज्या गाड्यांत स्प्रिंग चाकाजवळ नसून चाक धरणाऱ्या आर्मच्या मधात बसलेली असते तिथं स्प्रिंगचा आकडा जसाच्या तसा चाकाला लागत नाही, लिव्हरेजचा, म्हणजे चाक जितकं हलते त्याच्या किती पट स्प्रिंग दबते त्याचा, वर्ग करून गुणावा लागते, ०.७ असेल तर अर्धाच उरते. पोलोला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप चाकाजवळच एका उभ्या खांबात, तिथं जवळपास एकास एक.

आता काळ्या मातीकडं येतो, कारण हे कोणत्याच कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसते. आपल्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती आहे, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वावरात ते चांगलं, कपाशीला ओल धरून ठेवते, पण त्याच मातीवर डांबर टाकलं की रस्ता पण फुगते आणि बसते, आणि त्याच्यावर लांब लांब लाटा तयार होतात. डोळ्याला दिसत नाहीत, पोटाला समजतात. प्रत्येक स्प्रिंग आणि वजनाची जोडी स्वतःच्या तालात डोलते. वरची २५ वाली जोडी सेकंदाला साधारण १.४ वेळा, ६० वाली साधारण २.१५ वेळा. रोजच्या बऱ्याच गाड्या १ ते १.५ च्या मधात असतात, स्पोर्ट्सवाल्या दोनकडं सरकतात. आता समजा रस्त्याच्या लाटा बारा मीटरवर एक अशा आहेत. ६० च्या स्पीडला तुम्ही सेकंदात सोळा-सतरा मीटर जाता, म्हणजे सेकंदाला १.४ लाटा. जुळला ताल! झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होते, आणि मागं बसलेल्या पोराला उलटी होते. लोक म्हणतात स्प्रिंग नरम आहे, कडक टाका. टाकली. आता तोच ताल ९० च्या थोडा वर जुळते. डोलणं गेलं नाही, पुढच्या स्पीडला जाऊन बसलं, आणि खड्डे अडीचपट लागायला लागले ते वेगळेच. ताल कुठंही जुळो, डोलणं मोठं होऊ न देणं हे शॉकअपचं काम, स्प्रिंगचं नव्हे. हे एक वाक्य भाच्याच्या डोक्यात घालायला मला दोन शनिवार लागले.

समृद्धीवर वेगळाच खेळ आहे. तिथं काँक्रीट आहे, आणि काँक्रीटच्या रस्त्याला सहसा साडेचार मीटरवर एक आडवा सांधा कापतात, गाडीला १२० ची लिमिट, म्हणजे सेकंदाला सात सांधे. प्रत्येक सांधा बारीक, पण तीनशे किलोमीटर तेच. तिथं सावकाश हालचालीला फाजील घट्ट शॉकअप आणि पातळ टायर असेल तर जालना येईपर्यंत डोकं दुखते.

एक जुनी गोष्ट सांगून पुढं जातो. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाचा इंजिनीअर होता, त्यानं हे दाखवलं की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी जलद तालाची ठेवली तर गाडी पुढं-मागं कमी डुलते. कारण साधं आहे, उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागते आणि मागचं चाक उशिरानं पोचते, मग मागच्यानं जरा लवकर डोलून पुढच्याला गाठायला पाहिजे. कंपनी हे हिशेबानंच बसवते. आपण पुढं एका किटची स्प्रिंग आणि मागं दुसऱ्याची, कोण्या मित्राकडं पडून होती म्हणून, असं केलं की तो हिशेब गेला.

आता ब्रेकर. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८ चं माप असं की गोलसर ब्रेकर १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा असावा, म्हणजे २५ च्या स्पीडनं गाडी आरामात जाते. पोलोच्या दोन चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे अशा ब्रेकरवर पुढचं आणि मागचं दोन्ही चाकं एकाच वेळी ब्रेकरवरच असतात, गाडी पूर्ण त्याच्यावर चढलेली असते आणि पोटाखाली फुगवटा येते फक्त साडेचार सेंटीमीटरचा. कोणतीही गाडी निघून जाईल. आम्ही मोजलेला ब्रेकर १४ सेंटीमीटर उंच आणि रुंदी फक्त एक मीटर दहा सेंटीमीटर. इथं पुढचं चाक पलीकडं खाली उतरलेलं आणि मागचं अजून अलीकडं, आणि मधात अख्खे १४ सेंटीमीटर पोटाखाली. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे बुडाखालची मोकळी जागा, कागदावर १६५ मिमी, तो रिकाम्या गाडीचा. चार माणसं बसली, डिक्कीत तुरीची पिशवी पडली, की तीन-चार सेंटीमीटर बसलीच समजा. उरले सव्वाशे ते १३५. म्हणजे लोड असली तर कंपनीची गाडीसुद्धा तिरपी काढावी लागते, एक एक चाक चढवत, आणि आपण सगळे तशीच काढतो. त्यात भाच्याला अजून चार बोटं खाली घ्यायची! हा हिशेब त्या म्हाताऱ्यांसमोर तोंडीच करून दाखवला, तेव्हा कुठं पोराचा चेहरा उतरला.

आणि त्याच्यात अजून एक मेख आहे. युरोपातलं किट ३५ मिमी खाली असं म्हणते ते तिकडच्या उंचीवरून. भारतात विकायच्या गाड्या कंपन्या बरेचदा तिकडच्यापेक्षा उंच ठेवतात, आपले रस्ते पाहून. म्हणजे तेच किट इथं लावलं तर गाडी ३५ नाही, त्याच्यापेक्षा जास्त उतरू शकते. घेताना विचारा की लावल्यावर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत किती राहते, आपल्याच देशातल्या त्याच मॉडेलवर कोणी लावलं असेल त्याला विचारा. खाली किती हा प्रश्न फसवा आहे.

खाली घेतल्याचे दुसरे तोटे बुडातून दिसत नाहीत. चाकाला वर जायला जी जागा असते ती कमी होते. समजा ८० मिमी होती, ३५ खाली घेतली, उरली ४५. ती संपली की बंपस्टॉप, तो रबरासारखा ठोकळा, त्याच्यावर गाडी आपटते आणि त्या क्षणी स्प्रिंगचा आकडा एकदम कुठल्या कुठं जाते. वळणात असताना हे झालं तर ते चाक अचानक सटकते. बंपस्टॉप वाईट नसते, बऱ्याच कंपन्या त्याला शेवटची मदतनीस स्प्रिंग म्हणूनच वापरतात, पण मदतनिसाला रोज मालकाचं काम द्यायचं नसते. आणि मॅकफर्सनवाल्या गाडीत तर अजून गंमत आहे. गाडी खाली गेली की खालचा आर्म आडवा होते, मग उलटा कलते, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त खाली जाते. म्हणजे वजन आणि तो बिंदू यांच्यातला दांडा लांब होते, आणि दांडा लांब झाला की कलवायला जोर कमी लागते. तुम्ही गाडी खाली घेतली कलू नये म्हणून, आणि ती जास्त कलायला मागते, मग तिला आवरायला अजून कडक स्प्रिंग, मग अजून धक्के. दोन बोटांपर्यंत ठीक आहे, चार बोटं म्हणजे स्वतःच्या हातानं भांडण विकत घेणं.

मग पर्याय काय ते सांगतो, माझ्या पसंतीनं, समान न्याय देत नाही.

नुसत्या लोअरिंग स्प्रिंग, शॉकअप जुनेच. सगळ्यात स्वस्त म्हणून सगळे इथून सुरू करतात, मी पण. आयबाख किंवा एच अँड आर सारख्यांच्या स्प्रिंगा फार कडक नसतात, समजा तीस टक्के जास्त, तर तेवढ्यासाठी शॉकअप चौदा टक्केच जास्त ताकदीचा लागते कारण हिशेब वर्गमुळाचा आहे, आणि चांगला तब्येतीचा शॉकअप ते काही दिवस निभावून नेते. पण गाडी साठ-सत्तर हजार चाललेली, शॉकअप आधीच थकलेला, त्यावर नवी स्प्रिंग, हे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शंकरपटात जुंपणं. माझ्या गाडीला मी लावल्या होत्या त्या तर कोणत्या कंपनीच्या हेही डब्यावर धड लिहिलेलं नव्हतं. सहा महिन्यांत मागचा एक शॉकअप तेल गाळायला लागला, टायर आतल्या बाजूनं झिजला, आणि पोळ्याच्या दिवशी सगळं घर गाडीत असताना इंजिनच्या तेलाचं चेंबर त्याच ब्रेकरला लागलं. तेलाची रेघ वणीपर्यंत. बायको अजून काढते तो विषय.

याच्याही खालचा प्रकार म्हणजे असलेली स्प्रिंग ग्राइंडरनं कापणं किंवा गॅसनं तापवून बसवणं. कोणी मिस्त्री पाचशे रुपयांत करून देतो म्हणाला तर चहा पिऊन निघून या. तापवली की पोलादाचं पाणी जाते, आणि कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही, चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडते.

दुसरा पर्याय, कंपनीचीच स्प्रिंग आणि चांगले शॉकअप. आमच्यासारख्या रस्त्यांना मी हाच म्हणतो. बिलस्टीन या शॉकअप कंपनीचं नामकरण समजून घ्या, लोक फसतात. बी४ म्हणजे कंपनीच्या शॉकअपच्या जागी तसाच. बी६ म्हणजे कंपनीच्याच उंचीला चालणारा, पण मोनोट्यूब आणि जास्त आवर असलेला. बी८ तोच पण दांडा आखूड, लोअरिंग स्प्रिंगसाठी. बी१२ म्हणजे बी८ आणि आयबाखच्या स्प्रिंगांचा जोड. बी१४ पासून पुढं कॉइलओव्हर. कोनी कंपनीचे पिवळे स्पोर्ट आहेत, त्यांचा रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग मोकळी होतानाचा आवर, फिरवून कमीजास्त करता येते, आणि स्पेशल अॅक्टिव्ह आहेत जे बारीक जलद धक्क्यांना स्वतःच नरम पडतात. तुमच्या मॉडेलला काय मिळते ते पार्ट नंबरनं तपासा, नावावर जाऊ नका.

मोनोट्यूब म्हणजे काय हे पण सांगून टाकतो. साध्या शॉकअपमध्ये नळीत नळी असते, बाहेरच्या नळीत तेलाच्या वर गॅस. सारखे धक्के बसले की तेलात फेस होते, आणि फेसाला भोकातून जायला काही जोर लागत नाही, म्हणजे शॉकअप आहे पण नसल्यासारखा. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, आणि नायट्रोजन गॅस जास्त दाबानं एका वेगळ्या तरंगत्या पिस्टनच्या पलीकडं कोंडलेला, त्यामुळं फेस होत नाही, आणि तेल सरळ बाहेरच्या भिंतीला लागून असल्यानं थंडही लवकर होते. मे महिन्यात आपल्याकडं सावलीत ४५ आणि डांबरावर त्याच्या कितीतरी वर, तेव्हा हे थंड होणं कामात येते. तोटा एवढा की बाहेरच्या नळीला मोठा दगड लागून खळगा पडला तर पिस्टन तिथंच अडकते, कारण वाचवायला दुसरी नळी नाही.

तिसरा पर्याय कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअप एकात, आणि बॉडीवर आटे, ज्यावर रिंग फिरवून उंची बदलते. केडब्ल्यू कंपनीच्या व्ही१ ला फक्त उंची, व्ही२ ला रिबाउंड पण, व्ही३ ला रिबाउंड आणि कॉम्प्रेशन, म्हणजे दबतानाचा आवर, दोन्ही. तैवानच्या बीसी रेसिंगला तीस क्लिक, म्हणजे घट्ट-नरम करायचे टप्पे, असतात पण त्यात दोन्ही एकदमच बदलतात. चांगलं किट लाखाच्या घरात जाते. ज्याला महिन्यातून एकदा ट्रॅकवर जायचं त्यानं घ्यावं, मी अडवत नाही. पण गावाकडं येणाऱ्यानं दोन गोष्टी पाहाव्या. एक, उंची कशी बदलते. काहींत स्प्रिंगची खालची वाटीच खाली सरकते, मग उंचीसोबत चाकाची चाल पण जाते. काहींत खालचा पाय वेगळा फिरते, चाल तशीच राहते. दुसरं म्हणजे चिखल. आपली काळी माती त्या आट्यांत भरली आणि वाळली की सिमेंट होते. पावसाळाभर हात लावला नाही तर दिवाळीला रिंग छिन्नी-हातोडीनं पण हलत नाही. वर पिलोबॉल माउंट, म्हणजे रबराऐवजी धातूच्या गोळ्याचा सांधा, असेल तर तो धूळ खाऊन वर्षभरात टकटक करायला लागते.

फिरवायचे शॉकअप घेतलेच तर सगळ्यात नरमपासून सुरुवात करा. त्या लाटांच्या रस्त्यावर ठरलेल्या स्पीडनं जा, टायरची हवा तीच, गाडीत माणसं तीच, आणि एकावेळी दोन-दोन क्लिक घट्ट करत या. लाट गेल्यावर गाडी एकदाच वर येऊन थांबली की तिथंच सोडा. त्याच्या पुढं घट्ट केलं तर चाक खाली यायलाच उशीर करते, पुढचा खड्डा येईपर्यंत स्प्रिंग मोकळीच होत नाही, आणि गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते. हे लक्षण पुष्कळ लोक नरम समजतात आणि अजून घट्ट करतात!

आणि हे सगळं करायच्या आधी टायर. मी भाच्याला शेवटी सांगितलं पण तुम्ही आधी करा. १९५/५५ आर१६ टायरची भिंत १९५ च्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिमी उंच असते. सतरा इंचाचं व्हील लावून २०५/४५ घातला की ९२. पंधरा मिमी रबर गेलं, आणि तो शॉकअपच्या आधीचा शॉकअप आहे. ट्रकच्या नालीच्या काठावर व्हील वाकते ते यामुळं. चांगला टायर आणि बरोबर हवा, एवढ्यानंच अर्धी तक्रार जाते.

लावताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहा. शॉकअप जोडीनं बदला, एकट्या बाजूचा नाही. वरचे माउंट, बेअरिंग, धूळ-बूट, बंपस्टॉप त्याच वेळी नवे घाला, नाहीतर मजुरी दोनदा. आणि एक गोष्ट जी निम्मे मिस्त्री करत नाहीत, आर्मच्या रबरी बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना शेवटचे कसायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करून मग कसायचे. नाहीतर खाली ठेवल्याबरोबर बुश कायमचं पिळलेलं राहते आणि काही महिन्यांत फाटते. मग अलाइनमेंट, आणि पाच-सातशे किलोमीटरनंतर परत एकदा.

कायद्याचं पण एक वाक्य. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ स्पेसिफिकेशनबाहेर बदल करायला अडवते आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते पक्कं केलं. कंपनीच्या उंचीला चालणारा बदली शॉकअप आणि जमिनीला टेकलेली गाडी यांच्याकडं आरटीओ आणि इन्शुरन्सवाला सारख्या नजरेनं पाहणार नाही हे उघड आहे, तरी इन्शुरन्सवाल्याला आधी विचारून घेतलेलं बरं, क्लेमच्या वेळी वाद नको.

भाच्यानं शेवटी बी६ घातले, स्प्रिंगा कंपनीच्याच, टायर नवे. गाडी एक बोटभर पण खाली गेली नाही, उलट गॅसच्या दाबानं किंचित उंच बसली, त्यानं तोंड वाकडं केलं. मग वरोऱ्याच्या पुढं त्या लाटांच्या पट्ट्यावर ऐंशीनं गेलो तर मागं बसलेली त्याची आई झोपली होती. तिला काही विचारलं नाही आम्ही.

माझ्या त्या जुन्या स्प्रिंगा अंगणात आहेत. दोन भंगारात गेल्या, आणि दोन माठांखाली. बुड गोल असल्यानं माठ त्याच्यात बरोबर बसते, हलत पण नाही.